करारावरची मिरची पावसाने कुजली. तुटीचा दंड शेतकऱ्याने भरायचा का?

मिरचीवाला, पेडणे

सर्वांना नमस्कार. मी पेडणे तालुक्यातील शेतकरी आहे. गेल्या हंगामात सरदीचे (पावसाळी) भात कापून झाल्यावर घरच्या सहा हजार मीटर जमिनीत मिरची लावली होती आणि त्यासाठी मिरचीची पेस्ट तयार करणाऱ्या एका कंपनीशी लेखी करार केला होता. कंपनीने तेरा हजार रोपे, मल्चिंग पेपर, विद्राव्य खते आणि औषधे उधारीवर द्यायची, त्यांची रक्कम मालाच्या पैशांतून वळती करून घ्यायची आणि पिकलेली लाल मिरची ३२ रुपये किलो दराने बांधावरून उचलायची, असे ठरले होते.

पहिले काही तोडे उत्तम झाले. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मात्र सलग तीन दिवस पाऊस पडला आणि सऱ्यांमध्ये पाणी तुंबले. चार-पाच दिवसांत पिकलेल्या मिरचीवर गोल, खोलगट, काळपट डाग दिसू लागले आणि खालच्या अंगाची जवळजवळ अर्धी बाग फळकुजीने गेली. कंपनीचे क्षेत्र अधिकारी आले, त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढले, ‘नुकसान मोठे आहे’ असे तोंडी म्हणाले आणि कोणताही कागद न देता गेले.

वरच्या अंगाची झाडे वाचली होती. कंपनीचा निरोप आल्यावर आम्ही एका दिवसात पंचेचाळीस क्रेट मिरची तोडली, म्हणजे प्रत्येकी वीस किलोप्रमाणे नऊशे किलो. गाडी त्याच संध्याकाळी यायची होती, ती आली पाचव्या दिवशी. तोपर्यंत क्रेट अंगणातील माटवाखाली एकावर एक रचून ठेवले होते. चौथ्या दिवशी खालच्या थरातून पाणी गळू लागले आणि घरभर आंबूस वास सुटला. गाडीवाल्याने चौदा क्रेट घेतले आणि एकतीस नाकारले. नाकारलेल्या मालातून निवडून ३८० किलो मिरची मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात १८ रुपये किलोने विकली आणि उरलेली माडांच्या आळ्यांत टाकली.

आता कंपनीची हिशेबपट्टी आली आहे. मी दिलेला एकूण माल ३,२०० किलो, त्याचे १,०२,४०० रुपये. त्यातून निविष्ठांचे, म्हणजे उधारीवर घेतलेली रोपे, पेपर, खते व औषधे यांचे, ७१,५०० रुपये वजा. करारातील नऊ टनांच्या मानाने ५,८०० किलोंची तूट, तिच्यावर किलोला ८ रुपयांप्रमाणे ४६,४०० रुपये दंड, तोही वजा. म्हणजे सहा महिने राबून शेवटी मीच कंपनीला १५,५०० रुपये देणे लागतो. शिवाय म्हापशाला विकलेल्या मिरचीबद्दल ‘कराराबाहेर विक्री’ असा शेरा मारून पुढील हंगामात रोपे न देण्याचा इशारा दिला आहे.

पावसाने गेलेल्या पिकाची तूट शेतकऱ्याच्या माथी मारता येते का? यासंबंधी नेमका नियम काय आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त विस्तार अधिकारी

आपल्या प्रश्नात तीन वेगवेगळी नुकसाने एकत्र मिसळली आहेत आणि कंपनीच्या पट्टीतही ती मुद्दाम एकत्र ठेवलेली दिसतात, म्हणून प्रथम ती सुटी करू. झाडावर असताना पावसाने आणि रोगाने गेलेली मिरची हे पहिले नुकसान. तोडून ठेवलेली, परंतु गाडी न आल्यामुळे खराब झालेली मिरची हे दुसरे. कंपनीने प्रतवारीत नाकारलेला माल हे तिसरे. आपल्या बाबतीत दुसऱ्यातूनच तिसरे उद्भवले आहे. या तिन्हींना एकच नियम लागू होत नाही. शेतकरी तिन्हींना ‘पीक गेले’ असे म्हणतो, कंपनी तिन्हींना ‘तूट’ म्हणते आणि भांडण तेथेच अडते.

पहिल्या प्रकारासाठी सरकारी दार उघडे असते. गोव्यात नैसर्गिक आपत्तीत पीक गेल्यास शेतकरी आधार निधीखाली विभागीय कृषी कार्यालयात अर्ज करता येतो. पाहणी होते आणि अहवाल वर जातो. त्यासाठी कृषी कार्ड व एक-चौदाचा उतारा लागतो आणि आपल्याकडे बहुतेकांचे घोडे याच उताऱ्यावर पेंड खाते, कारण जमीन कसणारा एक आणि कागदावर आजोबा, तीन काका व मुंबईतील आत्या. पीक विम्याचे म्हणाल, तर पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते आणि अधिसूचित क्षेत्रातील अधिसूचित पिकालाच संरक्षण मिळते. आपले पीक त्या यादीत होते का, हे कार्यालयात विचारा. मात्र ७२ तास केव्हाच उलटून गेलेले असल्यामुळे त्या वाटेवर फार आशा ठेवू नका.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे तयार माल उचलला गेला नाही तेव्हा, विमाही नाही आणि आधार निधीही नाही. सरकारच्या दृष्टीने आपले पीक उत्तम आले, येथेच विषय संपतो. तेथे आपला आधार एकच, तो म्हणजे करार. म्हणून आता कराराचा कागद समोर घेऊन दोन गोष्टी वाचून सांगा. ‘नऊ टन’ हा आकडा कोणत्या शब्दांत लिहिला आहे? आणि करारात जमिनीचा सर्व्हे क्रमांक आहे का?

शेतकरी हित, डिचोली

भाऊ, घाबरू नका. २०२० च्या कंत्राटी शेती कायद्यानुसार नैसर्गिक आपत्ती आल्यास शेतकऱ्याकडून वसुली करताच येत नाही आणि जमिनीला तर हातही लावता येत नाही. कंपनीला तसे ठणकावून सांगा.

मिरचीवाला, पेडणे

विस्तार अधिकारी साहेब, आपण विचारल्याप्रमाणे करार काढून वाचला. करार इंग्रजीत छापलेला असून मोकळ्या जागा हाताने भरल्या आहेत. दुसऱ्या पानावर गावाचे नाव, सर्व्हे क्रमांक आणि क्षेत्र निळ्या शाईने लिहिले आहे. त्याखाली ‘एस्टिमेटेड यील्ड’ असे छापून पुढे ‘९ मेट्रिक टन’ लिहिले आहे. दंडाचे कलम चौथ्या पानावर आहे. त्यात शेतकऱ्याने ‘ठरलेले प्रमाण’ न दिल्यास तुटीच्या प्रत्येक किलोमागे ८ रुपये, इतकेच म्हटले आहे. नैसर्गिक आपत्तीसंबंधी स्वतंत्र कलम नाही. वाद झाल्यास तो २०२० च्या कायद्याप्रमाणे उपजिल्हाधिकाऱ्यांसमोर न्यावा, असे शेवटच्या पानावर आहे.

आणखी एक गोष्ट. गाडीवाल्याने चलनाच्या मागे ‘३१ क्रेट रिजेक्ट’ असे लिहून सही केली होती. ते चलन माझ्याकडे आहे.

वकील, फोंडा

ते चलन जपून ठेवा. सध्या त्याच्याइतका मोलाचा कागद आपल्याकडे दुसरा नाही.

प्रथम डिचोलीच्या मित्रांसाठी एक दुरुस्ती. त्यांनी सांगितलेल्या तरतुदी २०२० च्या केंद्रीय कायद्यात खरोखरच होत्या, परंतु त्या कायद्याच्या अंमलबजावणीला सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२१ रोजी स्थगिती दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस संसदेने तो इतर दोन कृषी कायद्यांसह रद्द केला. त्याच्या जोरावर ठणकावून सांगायला गेलात, तर समोरचा वकील हसेल. गंमत अशी की कंपनीच्या करारातही तोच गेलेला कायदा जिवंत आहे. कोणीतरी जुना मसुदा उचलून वर्ष तेवढे बदललेले दिसते. त्या कायद्याने दिवाणी न्यायालयाची वाट बंद केली होती, ती त्याच्याबरोबरच मोकळी झाली आहे. त्यामुळे शेवटच्या पानावरील त्या कलमाने उपजिल्हाधिकाऱ्यांना अधिकार मिळत नाही आणि आपल्यालाही अडवता येत नाही.

गोव्याचा स्वतःचा कृषी उत्पन्न पणन कायदा २००७ चा आहे. आपला करार पणन मंडळाकडे नोंदवलेला आहे का, याची लेखी चौकशी करावी. परंतु आपला प्रश्न मुख्यतः दोन जुन्या कायद्यांवर सुटतो: १८७२ चा भारतीय करार कायदा आणि १९३० चा माल विक्री कायदा.

आपण ‘नऊ टन मिरची’ विकण्याचे कबूल केले होते, की ‘अमुक सर्व्हे क्रमांकात पिकेल ती मिरची’? पहिल्या प्रकारात आपले शेत बुडाले तरी बाजारातून मिरची आणून देण्याची जबाबदारी आपल्यावर येऊ शकते. दुसऱ्यात तसे नाही. यावरचा नेहमी दिला जाणारा दाखला इंग्लंडमधील हॉवेल विरुद्ध कूपलंड या १८७६ च्या निवाड्याचा आहे. लिंकनशायरमधील व्हॅपलोड येथील एका शेतकऱ्याने आपल्या ठरावीक जमिनीत पिकणाऱ्या बटाट्यांपैकी दोनशे टन विकण्याचा करार केला होता. लागवड पुरेशी केली होती, परंतु करपा पडला आणि ऐंशी टनांच्या आसपासच बटाटे हाती आले. खरेदीदाराने उरलेल्या बटाट्यांबद्दल भरपाई मागितली आणि न्यायालयाने ती नाकारली, कारण करार त्या जमिनीतल्या पिकाचा होता, ते पीक राहील हे दोघांनीही गृहीत धरले होते आणि ते शेतकऱ्याच्या दोषाने गेले नव्हते. आपला माल विक्री कायदा इंग्रजी कायद्याच्याच घडणीचा असल्यामुळे असे निवाडे आपल्याकडे बंधनकारक नसले तरी विचारात घेतले जातात. शिवाय करार पाळणे अशक्य झाल्यास तो रद्दबातल होतो असे सांगणाऱ्या करार कायद्याच्या कलम ५६ मधील ‘अशक्य’ या शब्दाचा अर्थ केवळ शब्दशः अशक्य एवढाच नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये सत्यब्रत घोष खटल्यात सांगितले आहे.

आपल्या करारात सर्व्हे क्रमांक आहे आणि आकड्यामागे ‘अंदाजित’ हा शब्द आहे. अंदाज म्हणजे हमी नव्हे. चौथ्या पानावरील ‘ठरलेले प्रमाण’ म्हणजे दुसऱ्या पानावरील अंदाजच, असे कंपनी म्हणेल. परंतु मसुदा कंपनीने तयार केला आहे आणि त्यातील संदिग्धतेचा लाभ मसुदा लिहिणाऱ्याला सहसा मिळत नाही. दंडाचे कलम वैध धरले तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वाजवी भरपाईची कमाल मर्यादा असते, आपोआप कापून घ्यायची रक्कम नव्हे. २०१५ च्या कैलाश नाथ निवाड्यानंतर तर, जेथे प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करणे शक्य आहे, तेथे ते सिद्ध करावे लागते. तुमच्या तुटीमुळे कंपनीने बाहेरून महाग मिरची घेतली का, घेतली असेल तर कोणत्या दराने, हे कंपनीने दाखवायचे आहे.

आता त्या पंचेचाळीस क्रेटविषयी, कारण माझ्या मते आपली बाजू तेथे सर्वांत बळकट आहे. मालाची जोखीम सामान्यतः मालकीबरोबर जाते. परंतु माल विक्री कायद्याच्या कलम २६ मध्ये एक परंतुक आहे, ज्याप्रमाणे डिलिव्हरीला विलंब ज्याच्या चुकीने झाला, त्या विलंबाविना जे नुकसान टळले असते ते त्याच्याच माथी येते. कलम ४४ प्रमाणेही माल तयार असून सूचना दिल्यावर खरेदीदाराने तो वाजवी वेळेत न उचलल्यास होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी त्याची असते. नाशवंत मिरचीसाठी वाजवी वेळ म्हणजे पाच दिवस, असे कोणी म्हणेल असे वाटत नाही.

म्हापशाच्या विक्रीबद्दलचा शेरा तर उलटा त्यांच्यावरच फिरतो. करारातील शेतातून जेवढे पिकले तेवढे प्रथम खरेदीदारालाच देऊ करावे लागते, हे खरे. इंग्लंडमध्ये १९७२ च्या सेन्सबरी विरुद्ध स्ट्रीट खटल्यात बार्ली अर्ध्यावर आली म्हणून शेतकऱ्याने आलेली बार्ली दुसऱ्यालाच विकली आणि तो हरला. परंतु आपण आधी कंपनीला माल देऊ केला, तिने तो लेखी नाकारला आणि मगच आपण तो विकला. करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे भरपाई मोजताना नुकसान कमी करण्यासाठी हाताशी असलेले उपाय योजले का, हेही पाहतात. आपण माल कुजत ठेवला असता, तर तोच आपला दोष ठरला असता.

म्हणून माझी पट्टी अशी होईल. दिलेल्या मालाचे १,०२,४०० रुपये, त्यातून निविष्ठांचे ७१,५०० वजा जाता ३०,९०० रुपये आपले येणे. नाकारलेल्या एकतीस क्रेटचे ६२० किलो, करारदराने १९,८४० रुपये. त्यातून म्हापशाला मिळालेले ६,८४० वजा जाता १३,००० रुपये. एकूण ४३,९०० रुपये कंपनीने आपल्याला द्यायचे आहेत. पंधरा हजार देण्यापासून चव्वेचाळीस हजार घेण्यापर्यंतचे हे अंतर आहे, म्हणून मी एवढे सविस्तर लिहिले.

यातील ७१,५०० रुपयांना मी हात लावलेला नाही, हेही लक्षात घ्या. पीक गेले म्हणून उधारीवर घेतलेल्या खतांचे पैसे बुडत नाहीत. करारात तशी सवलत लिहिलेली असेल तरच ती मिळते. प्रत्येक वस्तूचा दर व दिनांक असलेले बिल मात्र अवश्य मागा, कारण ठोक रकमेत काय काय जिरते हे मी अनेकदा पाहिले आहे.

खरेदी खात्यातला माणूस

मी अनेक वर्षे भाजीपाला प्रक्रिया उद्योगात कच्च्या मालाच्या खरेदीचे काम केले आहे, त्यामुळे थोडे दुसऱ्या बाजूनेही लिहितो; राग मानू नये.

कारखान्याला टनांची काळजी असते आणि शेतकऱ्याला शेताची. पेस्टच्या कारखान्यात दिवसाला ठरावीक मालच दळला जातो. पाऊस आला की सगळेच शेतकरी घाईने तोडा करतात, चार दिवसांचा माल एका दिवशी दारात येतो आणि गाड्या रांगेत अडकतात. वाहतूक पाहणारा माणूस कोणालाच ‘नाही’ म्हणत नाही, प्रत्येकाला ‘उद्या’ म्हणतो. आपल्याकडे गाडी पाचव्या दिवशी आली, तिचे कारण बहुधा हेच असावे. हे समर्थन नाही. मात्र वकील साहेबांनी कलमे सांगितली, तेव्हा त्या कलमांमागे काय घडते तेही कळावे.

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेत वाटाणा, मका, फरसबी यांची प्रक्रियेसाठीची शेती कित्येक दशके करारावर चालते. तेथे पेरणीची तारीखही कारखान्याचा माणूस उष्णतेचे एकक मोजून ठरवतो, म्हणजे सगळी शेते एकाच वेळी तयार होऊ नयेत. तरीही एखाद्या वर्षी ऊन वाढून सगळे एकदम तयार होते आणि मग काही शेतांना कारखाना तोडणीविनाच सोडून देतो. वाटाणा एक-दोन दिवसांत निबर होतो, मग त्याचा उपयोग नाही. अशा ‘सोडलेल्या क्षेत्रा’साठी तेथील करारांमध्ये स्वतंत्र कलम असते, काही ठिकाणी सर्व शेतकऱ्यांच्या पैशांतून थोडे थोडे बाजूला काढून केलेल्या निधीतून त्या शेतकऱ्याला मोबदला मिळतो. तेथील प्रक्रिया पिकांच्या सरकारी विम्यातही यंत्रे किंवा माणसे बंद पडल्यामुळे सोडलेल्या क्षेत्राचे नुकसान धरत नाहीत. विस्तार अधिकारी साहेब म्हणाले तेच तेथेही आहे: निसर्गाने नेलेले विम्याचे, कारखान्याने न उचललेले कराराचे.

आपल्याकडील करारांमध्ये हे कलम जवळजवळ नसतेच. पुढचा करार करताना तेवढे एक मागून घ्या. तोडणीचा निरोप दिल्यापासून चोवीस तासांत गाडी न आल्यास माल स्वीकारला असे समजावे आणि वजन बांधावरच व्हावे, असे लिहून घ्या. दरात आठ आणे वाढवून मागण्यापेक्षा हे कलम मागणे शहाणपणाचे आहे. खरेदी करणारा दरासाठी तासभर घासाघीस करतो आणि या कलमाला बऱ्याचदा पाच मिनिटांत मान्यता देतो, कारण त्या क्षणी त्याला आपली गाडी उशिरा येईल असे वाटतच नसते.

एका बाबतीत मात्र मी वकील साहेबांशी सहमत नाही. न्यायालयात जाण्याआधी कंपनीच्या खरेदी प्रमुखांना एकदा प्रत्यक्ष भेटा. तुटीचा दंड हा बहुतेक ठिकाणी लेखा विभागाचा संगणक लावतो; क्षेत्र अधिकाऱ्याने ‘आपत्ती’ अशी नोंद केली नाही, तर तो आपोआप लागतो. त्या अधिकाऱ्याच्या मोबाइलवरील फोटोंना दिनांक असतील. ते मागा.

सत्तरीची शेतकरीण

चर्चा पावसाची चालली आहे, पण आमच्याकडे पाऊस परवडला असे म्हणायची वेळ आहे. मी गोठवलेली भेंडी निर्यात करणाऱ्यांसाठी करारावर भेंडी लावली होती. तोड्याच्या आदल्या रात्री गवे आले आणि सकाळी शेतात नुसते खुंट उभे होते. आमच्या करारात नैसर्गिक आपत्तीचे कलम होते, त्यात पूर, वादळ, दुष्काळ, कीड व रोग अशी यादी होती. त्यात रानटी जनावरे नव्हती, म्हणून आपत्ती मान्य झाली नाही आणि तुटीचे पैसे कापले गेले. यादी दिली की यादीबाहेरचे सगळे आपलेच, हे तेव्हा कळले. ज्यांचे शेत रानालगत आहे, त्यांनी गवा, रानडुक्कर आणि माकड ही नावे करारात नावानिशी घालून घ्यावीत.

केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये रानटी जनावरांमुळे होणारे पीक नुकसान खरीप २०२६ पासून पीक विम्यात जादा संरक्षण म्हणून आणण्याचे जाहीर केले आहे. कोणती जनावरे आणि कोणते भाग, हे राज्याने अधिसूचित करायचे आहे, आणि खबर त्याच ७२ तासांत. ते आमच्या भेंडीपर्यंत पोचेल तेव्हा खरे.

वकील, फोंडा

ताईंचा मुद्दा अगदी योग्य आहे. यादी देऊन शेवटी ‘आणि शेतकऱ्याच्या नियंत्रणाबाहेरील अन्य कोणतेही कारण’ एवढे शब्द घातले असते, तर गवेही त्यात बसले असते.

खरेदी खात्यातील मित्रांची सूचनाही मला मान्य आहे, आधी भेटावेच. पण भेटीला जाताना हातात काय आहे ते ठाऊक असावे, म्हणून एक गोष्ट जोडतो. दिवाणी दावा ही एकमेव वाट नाही. सफेद मुसळी या औषधी वनस्पतीच्या करारात कंपनीने लागवडीचे साहित्य विकले, पीक परत विकत घेण्याचे आश्वासन दिले आणि नंतर ते उचलले नाही, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या नंदन बायोमॅट्रिक्स निवाड्यात त्या शेतकरी महिलेला ‘ग्राहक’ मानले. आपण रोपे व औषधे कंपनीकडूनच विकत घेतली आहेत, म्हणून हा निवाडा आपल्याला जवळचा आहे. उत्तर गोव्याचा जिल्हा ग्राहक आयोग पर्वरीला आहे आणि तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. आपल्याला घाई नाही, परंतु आळसही परवडणार नाही.

मिरचीवाला, पेडणे

सर्वांचे मनापासून आभार. देव बरे करो. आपण सांगितल्याप्रमाणे मी कंपनीला पोचपावतीसह पत्र पाठवले, त्यात वकील साहेबांची पट्टी जशीच्या तशी लिहिली आणि चलनाची प्रत जोडली. मोबाइल धुंडाळताना वाहतूक पाहणाऱ्याचे चार दिवसांचे चार संदेश सापडले. चारही संदेशांत एकच वाक्य आहे, ‘उद्या सकाळी गाडी येईल’. खरेदी खात्यातील साहेबांनी हे न पाहता अचूक सांगितले, त्याचे नवल वाटले.

कंपनीचे उत्तर आले आहे. पावसामुळे झालेल्या तुटीवरील दंड ‘विशेष बाब म्हणून’ मागे घेत असल्याचे त्यांनी लिहिले आहे. एकतीस क्रेटविषयी मात्र त्यांचे म्हणणे असे की माल तोडतानाच रोगट होता. गुरुवारी त्यांच्या कार्यालयात बैठक ठेवली आहे. निविष्ठांचे तपशीलवार बिलही मागितल्यावर आले आणि त्यात मल्चिंग पेपरचे दोन गुंडाळे जास्त लावलेले निघाले. आमच्या गोठ्यात पेपरची रिकामी नळकांडी अजून पडून आहेत, ती मी मोजली.

क्रेटविषयीच्या त्यांच्या म्हणण्याला काय उत्तर द्यावे?

निवृत्त विस्तार अधिकारी

त्या पंचेचाळीस क्रेटमधील चौदा क्रेट त्यांनी स्वतः स्वीकारले, तेही पाचव्या दिवशी. तोडतानाच माल रोगट असता, तर एकाच दिवशी, एकाच अंगाच्या झाडांवरून तोडलेले हे चौदा क्रेट पाच दिवस कसे टिकले, हे त्यांनाच विचारा. नाकारलेले क्रेट खालच्या थरांतील होते, हे गाडीवाल्यालाही आठवत असेल. रोगाचे म्हणणे त्यांचे असेल, तर क्षेत्र अधिकाऱ्याच्या फोटोंमध्ये वरच्या अंगाची झाडे कशी दिसतात तेही बैठकीतच उघडून पाहायला सांगा.

रिकामी नळकांडी फेकू नका. आणि गुरुवारी जाताना चलनाची मूळ प्रत घरीच ठेवा, सोबत छायाप्रत न्या.